पुश-पुल जोडीतील विषम प्रवाह : ध्वनिवर्धकाच्या इतिहासातील एक प्रकरण

वसईच्या खाडीच्या उत्तर तीरावरील नायगावच्या आसमंतात मिठागरे आहेत आणि पावसाळ्यात तेथील हवा खारी व ओलसर असते. अशा ठिकाणी व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक उघडून बायस मोजणाऱ्यास जोडीतील एका व्हॉल्व्हचा प्रवाह ३५ आणि दुसऱ्याचा ४५ मिलिअँपिअर आढळला, तर दोष कोणाचा मानावा? बहुधा तो व्हॉल्व्हच्याच माथी मारला जातो. या मोजमापाचा इतिहास पाहता तो निर्णय घाईचा ठरतो.

प्रारंभीच्या काळी ग्रीडचा ऋण दाब वेगळ्या बॅटरीतून मिळे. पुढे कॅथोडमध्ये रोध घालण्याची पद्धत रूढ झाली. तीत प्रवाह वाढला की बायसही वाढतो व व्हॉल्व्ह आपणच आवरला जातो. मात्र दोन व्हॉल्व्हांना एकच सामाईक रोध असेल, तर हा आवर प्रवाहांच्या बेरजेवर चालतो, त्यांतील तफावतीवर नाही. हा भेद पुष्कळदा नजरेआड होतो.

डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात प्रसिद्ध केलेल्या ध्वनिवर्धकाने या प्रश्नाला वेगळे महत्त्व दिले. त्यातील दोन केटी-६६ व्हॉल्व्हांचा एकूण प्रवाह १२५ मिलिअँपिअर ठरविलेला असून, एकूण प्रवाहाची आणि समतोलाची जुळवणी स्वतंत्रपणे करण्याची सोय होती. कारण उघड आहे. पुश-पुल ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही प्रवाहांचे चुंबकीय परिणाम परस्परांस छेदतात. ते असमान झाले की गाभा एका बाजूस चुंबकित होतो आणि खालच्या स्वरांत विकृती येते.

तथापि समतोल साधला म्हणजे दोष गेला, असे नव्हे. कॅथोडमधील १० ओहमच्या रोधावर ०.३५ व्होल्ट म्हणजे ३५ मिलिअँपिअर; पण तो रोधच दहा टक्के चुकीचा असेल, तर वाचनही तितकेच चुकते. शिवाय कॅथोडच्या आकड्यात स्क्रीन-ग्रीडचा प्रवाहही मिसळलेला असतो.

जुन्या कागदी कंडेन्सरची गोष्ट अधिक गंभीर. त्यात ओल शिरून त्याचा विद्युत्‌रोध १०० मेगओहमपर्यंत उतरला आणि मागील ॲनोडवर २५० व्होल्ट असले, तर अडीच मायक्रोअँपिअर गळती होते. ग्रीडचा रोध ४७० किलोओहमचा असल्यास तीमुळे बायस सुमारे १.२ व्होल्टने ढळतो. दर व्होल्टमागे ७ मिलिअँपिअर या हिशेबाने प्रवाह आठ मिलिअँपिअरने वाढतो. तोच रोध १०० किलोओहमचा असता, तर वाढ दोन मिलिअँपिअरांच्या आत राहिली असती. ग्रीडच्या रोधावर उत्पादक कमाल मर्यादा घालतात, ती याच जातीच्या धोक्यांमुळे.

म्हणून परीक्षेचा क्रम उलटा असावा. यंत्र बंद करून, कंडेन्सरमधील भार उतरवून, दोन्ही व्हॉल्व्ह परस्परांच्या जागी बसवावेत. (चारशेहून अधिक व्होल्टांशी खेळ असल्याने ही सावधगिरी औपचारिक नाही.) जास्त प्रवाह व्हॉल्व्हबरोबर दुसरीकडे गेला, तर व्हॉल्व्ह संशयित, जागेवरच राहिला, तर मंडल. खाडीकाठच्या यंत्रात दुसरा प्रकार निघाल्यास कंडेन्सर बदलण्यापूर्वी सॉकेट पुसून व कोरडे करून पुन्हा मोजावे, कारण क्षारांचा ओला थरही ॲनोड आणि ग्रीड यांच्या टोकांमध्ये तशीच वाट करून देतो.