अनारशाची जाळी



सणाच्या सकाळीं घरीं वॅफल करण्याची हौस आतां आपल्या शहरांतील घरांतही शिरली आहे. हा युरोपांतील पदार्थ दोन लोखंडी पत्र्यांमध्यें दाबून भाजतात. मध्ययुगांत चर्चमधील प्रसादाच्या पापड्या ज्या सांच्यांत भाजीत, त्याचाच हा सांचा वंशज. पुढें अमेरिकेंत ट्रॉय गांवच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यानें २४ ऑगस्ट १८६९ रोजीं चुलीवरील सांच्याचें पेटंट घेतलें. जाळी पाडण्याचें काम तेथें लोखंडाकडे आहे.

जालन्याकडे नरकचतुर्दशीच्या पहांटे, अभ्यंगस्नान उरकल्यावर, फराळाच्या ताटांत अनारसा येतो. त्यालाही जाळी असते. पण ती सांच्यावांचून पडते. जिल्हा म्हणून जालना १ मे १९८१ रोजीं वेगळा झाला, तरी मुलूख जुनाच: ज्वारी, बाजरी, कापूस यांचा. भात हें येथलें मुख्य पीक नव्हे. भाकरीच्या या मुलखांत तांदूळ, गूळ आणि तूप एकत्र आणणें ही चैनच होती, आणि म्हणूनच ती सणासाठीं राखलेली.

तांदूळ तीन दिवस भिजवावयाचे, पाणी रोज बदलावयाचें. मग सावलींत निथळवून, ओलसर असतांनाच दळावयाचे. चाळलेल्या पिठांत किसलेला गूळ मळून तो गोळा कांहीं दिवस डब्यांत मुरूं द्यावयाचा. पुढें खसखशीवर थापलेला अनारसा, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आंचेवर तुपांत सोडतात. तो उलटावयाचा नाहीं. झाऱ्यानें वरून तूप उडवावयाचें. आंबलेल्या पिठांतून आणि गुळांतून बुडबुडे उठतात व त्यांचीच जाळी होते. गूळ थोडा अधिक झाला कीं अनारसा तुपांत पसरून विरघळतो. आमच्या बायका त्याला ‘अनारसा हसला’ म्हणतात. हसतो तो अनारसा; करणारीचा जीव मात्र खालीं-वर होतो!

या जाळीला धर्माचाही मान आहे. ऋग्वेदांत तुपानें युक्त अशा अपूपाचा उल्लेख येतो. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं इ. स. १७९० च्या सुमारास रचलेल्या ‘धर्मसिंधू’त अधिकमासांत तेहतीस अपूपांचें दान सांगितलें आहे. आमच्या घरांनीं, माझ्या मतें मोठ्या रसिकतेनें, अपूपाच्या जागीं अनारसा आणला आणि दान घेणारा म्हणून जावयाला पाटावर बसविलें. वाण सच्छिद्र असावें, हाही संकेत रूढ झाला. त्यामुळें जाळी न पडली तर केवळ फराळ बिघडत नाहीं. वाणाचीच पंचाईत होते.

शास्त्रकारांनीं संख्या लिहिली, पात्र लिहिलें; पण जाळी कशी पाडावी तें लिहिलें नाहीं. स्वार्टवाउटचें नांव तारखेसह दप्तरांत आहे. तांदळाला गूळ किती, हें जिनें प्रथम ठरविलें तिचें नांव कोठेंच नाहीं. तिचें प्रमाण सासूकडून सुनेकडे तोंडींच आलें. २०२३ सालच्या अधिक श्रावणांत अनेक घरांनीं अनारशाचें तयार पीठ विकत आणलें. त्या पिठाचाही पहिला अनारसा, हसतो कीं काय हें पाहण्यासाठीं, एकटाच तुपांत सोडावा लागतो.