नीरेकाठचे वर्तमान

फेब्रुवारी १६८९ मध्ये आलमगीर बादशहाची छावणी नीरेच्या काठी अकलूजला पडली असता, संगमेश्वरी संभाजी महाराज कैद झाल्याचे वर्तमान तेथेच त्याच्या कानी पोहोचले, आणि त्या विजयाच्या आनंदात त्याने या गावास असदनगर असे नाव दिले. ते नाव लोकांच्या जिभेवर रुळले नाही. परंतु मुलुखातील प्रत्येक खबर आपल्या हाती असावी, ही सरकारदरबारची जुनी आकांक्षा मात्र राज्ये बदलली तरी अबाधित राहिली, आणि इंग्रजी अमलात १८८५ च्या तार कायद्याने तिला कलमाचे कायम रूप दिले. सार्वजनिक आणीबाणीचे वा सुरक्षिततेचे कारण दाखवून रयतेचा कोणताही संदेश अडविण्याचा अखत्यार त्या कायद्याच्या पाचव्या कलमाने सरकारला मिळाला.

हा अखत्यार आखडता घेण्यासाठी झगडणे हे लोकशाहीत विरोधी पक्षांचे आद्य कर्तव्य होते, असे मला मनापासून वाटते. १९८६ मध्ये टपाल फोडून वाचण्याची मुभा देणारे विधेयक संसदेने संमत केले तेव्हा विरोधकांनी कडाडून आक्षेप घेतला आणि राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर संमतीची मोहोर उठविली नाही. तथापि १९८९ मध्ये हेच विरोधक सत्तारूढ झाले, राजापूरचे मधु दंडवते अर्थमंत्री झाले, तरी तार कायद्याचे पाचवे कलम जागचे हलले नाही. त्याला कार्यपद्धतीचा लगाम घातला तो सर्वोच्च न्यायालयाने, डिसेंबर १९९६ मध्ये.

दूरसंचाराच्या परवान्यांवरून मात्र १९९५ आणि २०१० ची हिवाळी अधिवेशने विरोधकांनी रोखून धरली. त्या परवान्यांत गुंतलेला पैसा जनतेचा होता, म्हणून तो रोष रास्तच होता. पण २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याचा संकल्प मंजूर झाल्यावर, अकलूजच्याच माळशिरस तालुक्यातल्या एखाद्या वाडीच्या चावडीपर्यंत ती खरोखर पोहोचली काय, पोहोचली तर चालते काय, या विचारणेसाठी सभागृह तसे कधी अडले नाही, ही खंत मनातून जात नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये १८८५ च्या कायद्याची जागा घेणारे दूरसंचार विधेयक आले, संदेश अडविण्याचा तोच अखत्यार पोटात घेऊन. अकलूजचा माढा मतदारसंघ तेव्हा सत्ताधारी पक्षाकडे होता. नीरेपलीकडचा इंदापूर तालुका ज्या बारामती मतदारसंघात मोडतो, तेथील विरोधी खासदार सुप्रिया सुळे यांना १९ तारखेस इतर अनेकांसह निलंबित करण्यात आले, आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभेने ते विधेयक मंजूर केले.