चांदूर रेल्वे परिसरातील ऑइल इंजिने व त्यांचे पाणी

‘रेल्वे’ या शब्दाने चांदूर बाजारहून वेगळे ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या इतिहासात १८६७ साली नागपुरास पोहोचलेल्या लोहमार्गाचा उल्लेख हटकून येतो. विहिरींवरील ऑइल इंजिनांचा मात्र क्वचितच. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कारखान्यांच्या उत्पादनाविषयी पुष्कळ लिहिले गेले. निगेविषयी फारसे नाही.

पंपाच्या पाण्याचाच लहानसा प्रवाह नळीने सिलिंडरभोवतीच्या पोकळीत सोडीत. तापलेले पाणी पाटात पडे. क्षारयुक्त पाण्यातील चुना उष्णतेने पोकळीत थरावे व इंजिन तापू लागे. ऐन ओलिताच्या दिवसांत ते अडले तर गहू वाळावयाचा. म्हणून पडणाऱ्या धारेत हात धरून पाहणे, हीच खरी परीक्षा. धार बारीक झाली की नळीतील गाळ काढीत. तापलेल्या इंजिनात एकाएकी थंड पाणी सोडल्यास ओतीव लोखंडास तडा जाण्याचे भय, तेव्हा धीर धरावा लागे.

टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये दाखविलेल्या बिनतारी नौकेच्या आजच्या विद्युत् वंशजांत (निदान वेगवान नौकांत) रीत हीच आहे : तळ्याचे पाणी आत, धार बाहेर; आणि चालविणाऱ्याची नजर त्या धारेवर.