टिपरी वाजली, आवाज जुळला



भाद्रपदातली पौर्णिमा आली की आपल्या वर्धा जिल्ह्यात घरोघरी भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत पोरीबाळी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाने एका आजीची गाणी मोबाइलवर घेतली. चित्र लांबून एका फोनवर घेतले आणि आवाज तिच्याजवळ ठेवलेल्या दुसऱ्या फोनवर. पुढच्या उन्हाळ्यात आजी गेली. तिच्या लेकीला दाखवायला आम्ही दोन्ही जोडले, तर ओठ आधी हलत आणि शब्द मागून येत. लेक म्हणाली, "ही माझी माय वाटतच नाही."

पुन्हा घ्यायला आता आजी नव्हती. पण हाच गुंता नव्वद वर्षांपूर्वी सिनेमावाल्यांपुढेही होता. त्यांनी तो कसा सोडवला, ते आज सांगते.

दादासाहेब फाळक्यांचा 1913 सालचा 'राजा हरिश्चंद्र' मुका होता. 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात अर्देशीर इराणींचा 'आलम आरा' लागला आणि आपल्या देशातला सिनेमा बोलू लागला. त्यात चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळी उतरत. स्टुडिओजवळून रेल्वे जाई, म्हणून काम बरेचसे रात्री चाले आणि माइक नटांच्या आसपास लपवून ठेवत. पुढच्याच वर्षी, 1932 मध्ये, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' आणला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, तारामती दुर्गा खोटे आणि हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे. तेव्हा पार्श्वगायन नव्हते. जो दिसतो त्यानेच गायचे.

मग चित्र एका फिल्मवर आणि आवाज दुसऱ्यावर घेण्याची रीत आली. त्यात सोय होती, पण दोन्ही नंतर जुळवायचे कसे? त्यावर उपाय निघाला तो टाळीच्या पाटीचा. दृश्याचा नंबर लिहिलेली पाटी कॅमेऱ्यासमोर धरायची आणि वरची फळी टक्कन मिटायची. फळी मिटताना दिसते आणि तेव्हाच वाजते. दिसलेला क्षण आणि ऐकू आलेला क्षण एकावर एक ठेवला की पुढचे सगळे आपोआप बसते. बोलपटात एका सेकंदाला 24 चित्रे सरकतात. आवाज तीन-चार चित्रे मागेपुढे झाला तरी डोळ्यांना खटकू लागते.

1935 साली कलकत्त्यात नितीन बोस यांच्या 'धूप छाँव'मध्ये गाणे आधी घेऊन त्यावर ओठ हलवायची पद्धत आली. तिथेही जुळवणी चुकली की गाणे परके वाटे.

आता आपल्या फोनकडे येऊ. दोन फोन म्हणजे दोन घड्याळे. थोडी मागेपुढे चालणारच. शिवाय अंधुक उजेडात काही फोन सेकंदाला कमी चित्रे घेतात. म्हणून कधी सुरुवात जुळते आणि शेवट सुटतो.

आमच्याकडे टाळीची पाटी नव्हती, पण टिपऱ्या होत्या! एका पोरीने एडिटिंगच्या ॲपमध्ये चित्र हळूहळू पुढे सरकवत टिपऱ्या एकमेकींना लागल्या तो क्षण शोधला. आवाजाच्या पट्टीत त्या ठोक्याचे उंच टोक दिसते. ते टोक त्या चित्राखाली सरकवले आणि पहिले गाणे जुळले. तिसऱ्या गाण्यापाशी पुन्हा फरक पडला, तेव्हा दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत पट्टी कापली आणि पुढचा ठोका धरून नव्याने बसवली. सगळे बसल्यावरच चित्राच्या फोनचा मूळ आवाज बंद केला; तोवर तोही पडताळून पाहायला कामी आला.

मैत्रिणींनो, 'आलम आरा'ची एकही प्रत आज उरलेली नाही. पहिला बोलपटच आपल्याला पाहता येत नाही, ऐकता येत नाही. आपल्या आज्यांच्या गाण्यांचे तसे होऊ नये. यंदा भुलाबाईची गाणी घ्याल तेव्हा सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, आणि मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा.

आजीची लेक ते गाणे पाहताना काही बोलली नाही. दुसऱ्या कडव्याला तिने हळूच साथ धरली.