मॅट्रिकपासून दहावीपर्यंत

मंडळी, आपल्या गावाकडे जुन्या माणसांची गोष्ट निघाली की कोणीतरी अभिमानाने म्हणतेच, "आमचे आजोबा मॅट्रिक होते बरं का!" त्यानंतरच्या पिढीतले कोणी असले तर म्हणतात, "जुनी अकरावी झालेत." आणि आज घरातले पोर दहावीला बसलेले असते. तीन पिढ्या, तीन नावे. तिन्ही नावांचा अर्थ आपण एकच धरतो, तो म्हणजे शाळा पुरी झाली. पण शाळा पुरी झाली हे ठरवायचे कोणी, आणि कशावरून? या प्रश्नाचे उत्तर दीडशेहून अधिक वर्षांत अनेकदा बदलले आहे. ते का बदलले, याची हकिगत शिक्षकांनी आणि पालकांनीही ऐकण्यासारखी आहे.

आरंभ करू 1857 सालापासून. त्या वर्षी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली. ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होती. शिकवायचे कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. 1859 मध्ये मुंबई विद्यापीठाने पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेतली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी.

आता हा मॅट्रिक्युलेशन शब्द पाहा. लॅटिन भाषेत नोंदवहीला जो शब्द आहे, त्यावरून तो आला. म्हणजे विद्यापीठाच्या वहीत नाव घालण्यापूर्वीची ही चाचणी. ती शाळेची शेवटची परीक्षा नव्हतीच मुळी, कॉलेजची पहिली होती! पण झाले काय, की शाळेच्या शेवटी दुसरे काही नसल्यामुळे लोक हिलाच शाळेची शेवटची परीक्षा समजू लागले. शाळेने काय शिकवावे हे शाळेबाहेरचे विद्यापीठ ठरवू लागले. शंभर मुलांतली कॉलेजात जाणारी मूठभर, परंतु माप सगळ्यांना त्यांचेच.

बरे, परीक्षेला बसणे तरी सोपे होते का? मोहनदास गांधी 1887 मध्ये मॅट्रिक झाले, ते याच मुंबई विद्यापीठाचे. तेव्हा परीक्षेची केंद्रे दोनच होती, एक मुंबई आणि दुसरे अहमदाबाद. काठेवाडातली मुले जवळचे आणि कमी खर्चाचे म्हणून अहमदाबाद पत्करीत. राजकोटहून अहमदाबादेला एकट्याने केलेला तो आपला पहिलाच प्रवास होता, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. ज्याच्या घरी गाडीभाड्याचीही सोय नसेल त्याने काय करायचे, याचा विचार त्या नियमांत कुठेच नव्हता.

हा विचार बोलून दाखवला तो जोतीराव फुल्यांनी. 1882 मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिले. सरकारचा पैसा येतो रयतेच्या कष्टातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, अशी त्यांची रोखठोक तक्रार होती. खेड्यातल्या मुलाला उपयोगी पडेल असे शिक्षण द्या, ही त्यांची मागणी. हंटर कमिशननेही एक सूचना केली. हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन वाटा ठेवाव्यात, एक विद्यापीठाकडे नेणारी आणि दुसरी व्यापार-व्यवहाराकडे नेणारी. सूचना चांगली होती. पण दुसरी वाट काही रुळली नाही. कारण उघड आहे. मान मॅट्रिकला, नोकरी मॅट्रिकला. मग नुसत्या उपयोगी शिक्षणाकडे वळून कोण बघतो?

आणि त्या मानाचे मोल ज्यांना दार बंद होते त्यांना अधिक. 1907 मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा मुंबईत त्यांच्या सत्काराची सभा भरली. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एका मुलाने परीक्षा दिली आणि समाजाने सभा भरवली! म्हणून मॅट्रिकला नुसते नावे ठेवूनही चालत नाही. दार अरुंद होते खरे, पण आत जाण्याचे दार ते एकच होते.

स्वातंत्र्यानंतर हा गुंता सोडवण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, 1948 मध्ये मुंबई राज्याने कायदा करून पुण्याला स्वतंत्र परीक्षा मंडळ स्थापन केले. 1949 पासून मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली. नावातला फरक लहान नाही. ही परीक्षा शाळेची होती, अकरावीच्या अखेरची. ती इंग्रजी न घेताही उत्तीर्ण होता येई. कॉलेजात जायचे असेल तर मात्र विद्यापीठ सांगेल ते विषय घ्यावे लागत. म्हणजे शाळा पुरी करणे वेगळे आणि कॉलेजला पात्र होणे वेगळे, हे मान्य झाले. पण पुढे नोकरीच्या बाजारात 'विना इंग्रजी' हा शिक्काच झाला. कायद्याने दिलेली मोकळीक व्यवहाराने काढून घेतली.

संयुक्त महाराष्ट्र झाला तेव्हा विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र यांच्या परीक्षांच्या परंपरा वेगवेगळ्या होत्या. 1965 च्या कायद्याने 1 जानेवारी 1966 पासून राज्याचे एक मंडळ झाले. त्याच सुमारास डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या आयोगाचा अहवाल आला. या आयोगाचे सचिव होते आपले जे. पी. नाईक. दहा वर्षे सर्वांना समान शिक्षण, त्यात गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे, अशी त्यांची शिफारस. तिला अनुसरून 1975 मध्ये नवी दहावी आणि जुनी अकरावी या दोन्ही परीक्षा एकाच वर्षी झाल्या. घरात थोरला अकरावीला आणि धाकटा दहावीला, दोघे एकदमच एस.एस.सी.! ज्यांनी ते वर्ष पाहिले त्यांना ती धांदल आठवत असेल.

समान शिक्षणाचा हेतू फार उदात्त होता. मुलींनी गणित सोडायचे, खेड्यातल्यांनी विज्ञान सोडायचे, ही रीत त्याने मोडली. पण दुसरी बाजूही बघा. जिथे प्रयोगशाळा नाही, गणिताला शिक्षक नाही, तिथेही प्रश्नपत्रिका तीच आली. माप समान झाले, शाळा समान झाल्या नाहीत. मग इंग्रजी आणि गणित हे खेड्यातल्या मुलांना अडवणारे दोन उंबरे होऊन बसले.

पुढचे बदल ध्यानात घ्या. 2010 मध्ये सहा विषयांपैकी उत्तम पाचांचे गुण धरण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन टिकला. 2015 पासून नापास मुलांची फेरपरीक्षा जुलैतच होऊ लागली आणि वाया जाणारे वर्ष वाचले. 2021 मध्ये साथीमुळे परीक्षाच रद्द झाली आणि शाळेने केलेल्या मूल्यमापनावर निकाल लागला. शाळेच्या शिक्षकाचा शब्द अखेरचा मानला गेला, तो असा संकटातच!

नियम सैल झाला की दर्जा घसरला अशी ओरड होते. नियम कडक झाला की गरिबाचे पोर मागे राहते. दोन्हींत तथ्य आहे. पण या सगळ्या इतिहासातून मला एक कसोटी दिसते. पुढे कधी नवा नियम आला, की एवढेच विचारा: जे पोर कॉलेजात जाणार नाही, त्याच्या हाती या नियमाने काय पडते? आणि जे जाऊ शकले असते, त्याची वाट तर अडत नाही ना?

शिक्षकबंधुभगिनींनो, नियम वर ठरतात, पण एका विषयात राहिलेले मूल निकालाच्या दिवशी तुमच्याच दाराशी येते. त्याला 35 गुणांच्या अलीकडचे म्हणून परत पाठवू नका. फेरपरीक्षा आहे, पुढच्या वर्षीची परीक्षाही आहे. तोवर त्याला रोज तासभर बसवून घ्या. दार रुंद करण्याचा तेवढा भाग तुमच्या-आमच्या हातचा आहे.