‘दुकान’ या शब्दात काय काय येतं?

या मालिकेत आपण लढायांवर पुष्कळ बोललो. आज राज्यघटनेतल्या एका साध्या शब्दाबद्दल बोलू. तो शब्द म्हणजे दुकान.

निमित्त माझ्याकडेच घडलं. माझ्या तुकडीतला एक मुसलमान हवालदार निवृत्त झाला. मुलीला आमच्या शहरात नोकरी लागली, म्हणून तो भाड्याचं घर शोधत होता. एजंटशी फोनवर मीच बोललो. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. मग मी भाडेकरूचं नाव सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग, “साहेब, मालकांचा विचार बदललाय.” मी काही न बोलता फोन ठेवला. हवालदार समोरच बसला होता. म्हणाला, “रहने दीजिए साब, आदत है.”

पलटणीत आम्ही एका छपराखाली मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च पाहिलेली माणसं. त्या रात्री मी घटना उघडली.

आधी थोडं मागे जाऊ. साल १९१७, बडोदा. सुभेदार रामजींचा मुलगा अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून संस्थानच्या नोकरीत रुजू झाला. एवढा शिकलेला माणूस, पण राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव नोंदवून तो राहिला. काही दिवसांत बातमी फुटली आणि लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. संध्याकाळपर्यंत खोली सोडा, असा हुकूम. मित्रांनीही घरात घेतलं नाही. तो मुंबईला परतला. हा माणूस म्हणजे भीमराव आंबेडकर.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांना बाहेर काढणारं सरकार नव्हतं. विश्रामगृह खासगी होतं.

एरवी मूलभूत हक्क सरकारला बांधतात. पण आपल्या घटनाकारांना माहीत होतं की या देशात माणसाला अडवणारे हात बहुधा शेजाऱ्याचे असतात. म्हणून कलम १५ च्या दुसऱ्या खंडात त्यांनी लिहिलं, की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या ठिकाणी मज्जाव करता येणार नाही. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत ‘दुकान’ म्हणजे काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी अर्थ मोठा केला. जो कोणी लोकांना सेवा देऊ करतो, त्याची जागा म्हणजे दुकान. नुसतं आत येऊ देणं पुरेसं नाही, अटी मान्य असतील तर सेवाही द्यायला हवी.

या अर्थाचा फटका २०११ मध्ये आम्हा फौजींनाही बसला. दिल्ली छावणीतल्या आर्मी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये सगळ्या जागा सैनिकांच्या मुलांसाठी ठेवल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, आणि त्याच निकालात ‘दुकान’ या शब्दात खासगी शिक्षणसंस्थाही येतात, असं म्हटलं. तेव्हा मी चिडलो होतो. सीमेवर आम्ही उभे राहायचं आणि आमच्या मुलांसाठी एक कॉलेजही ठेवायचं नाही? आज वाटतं, दार सगळ्यांना उघडं हवं असेल तर आपलं दारही त्यात आलं.

मग घराचं काय? २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला. सभासद फक्त पारशीच असावेत, असा तिचा उपविधी होता. न्यायालयाने तो वैध ठरवला. संघ स्थापन करण्याचा हक्क नागरिकांना आहे, आणि अशा संस्थेला सरकारसारखं मूलभूत हक्कांनी बांधता येत नाही, असा त्याचा आधार. छोट्या समाजाला आपली माणसं जवळ हवीशी वाटतात, हे मी समजू शकतो. पण तीच पळवाट मोठ्या समाजाने धरली तर?

अस्पृश्यतेच्या कारणावरून घर नाकारणं १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कारण कोणी बोलून दाखवत नाही. मालकांचा फक्त ‘विचार बदलतो’. धर्मावरून घर नाकारलं, तर त्या हवालदाराला दाद मागायला कलम १५ मध्ये ‘घर’ हा शब्दच नाही.

म्हणजे बडोद्याचं ते विश्रामगृह आज घटनेच्या कक्षेत येतं. पण भाड्याचं घर अजून बाहेरच आहे. संसद कायदा करून ही फट बुजवू शकते. तोवर ती आपण बुजवायची. मीही त्या दिवशी फोन नुसता ठेवला. “विचार का बदलला?” एवढं तरी विचारायला हवं होतं. पुढच्या वेळी विचारीन. तुम्हीही विचारा.

जय हिंद.