कॅन्ट्रिलची शिडी : एका जागतिक लोकमत-पाहणीचा इतिहास

निरनिराळ्या देशांतील सामान्य माणसांना एकच प्रश्न विचारून त्यांच्या उत्तरांची तुलना करावी, ही कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या प्रमाणावर अमलात येऊ लागली. १९४८ साली युनेस्कोच्या पुढाकाराने नऊ देशांत अशी पाहणी झाली. तिचा वृत्तान्त विल्यम ब्यूकॅनन व हॅड्ली कॅन्ट्रिल यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. एक राष्ट्र दुसऱ्याकडे कोणत्या दृष्टीने पाहते, हा तिचा विषय होता. आशिया वा आफ्रिका खंडातील एकही देश मात्र तीत नव्हता.

कॅन्ट्रिल हे प्रिन्स्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ. १९५५ साली लॉइड फ्री यांच्या सहकार्याने त्यांनी स्वतंत्र संशोधनसंस्था स्थापन केली आणि पुढील पाहणीचा विषयच बदलला. परराष्ट्राविषयी माणसाचे मत काय, हे विचारण्याऐवजी त्याला स्वतःच्या आयुष्याविषयी काय वाटते, हे विचारावयाचे ठरले. डझनाहून अधिक देशांतील सुमारे वीस हजार लोकांच्या मुलाखतींवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला.

या पाहणीची रीत बारकाईने पाहण्याजोगी आहे. प्रथम माणसाने आपल्या आशा सांगावयाच्या : आपल्या दृष्टीने सर्वांत चांगले आयुष्य कोणते? मग भीती : सर्वांत वाईट कोणते? ही उत्तरे त्याच्याच शब्दांत टिपून घेतली जात. त्यानंतरच शून्यापासून दहापर्यंत आकडे घातलेल्या शिडीचे चित्र त्याच्यापुढे येई. वरचे टोक म्हणजे त्याने नुकतेच वर्णिलेले उत्तम आयुष्य, खालचे टोक म्हणजे अधम. आज आपण कोणत्या पायरीवर आहो, पाच वर्षांपूर्वी कोठे होतो आणि पाच वर्षांनी कोठे असू, हे त्याने दाखवावयाचे. माप संशोधकाचे नव्हे, उत्तर देणाराचे; या पद्धतीचे खरे मोल हेच होय.

भारतातील मुलाखती १९६२ साली झाल्या. येथील उत्तरांत अन्न, जमीन, घर, मुलांचे शिक्षण यांचा आग्रह दिसतो. दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्याला स्वतःचा जमिनीचा तुकडा आणि दुभती गाय हवी होती. अमेरिकेतील उत्तरांत नवी मोटार आणि अधिक सुट्या यांचा उल्लेख येतो. वर्तमानकाळाची सरासरी अमेरिकेत ६·६, तर भारतात ३·७ आली. सर्वांत खाली, १·६ वर, डोमिनिकन प्रजासत्ताक होते. तेथील हुकूमशहा त्रुहियो याची हत्या होऊन तेव्हा वर्षही लोटले नव्हते.

क्यूबाचा आकडा ६·४, म्हणजे जवळजवळ अमेरिकेइतकाच. १९६० साली शहरी भागातील सुमारे एक हजार लोकांना विचारून तो काढला होता. कॅस्ट्रोच्या राजवटीस शहरवासीयांचा भरघोस पाठिंबा असल्याचे त्याच पाहणीत दिसून आले होते. वॉशिंग्टनमधील धोरणकर्त्यांनी तिकडे दुर्लक्ष केले, आणि एप्रिल १९६१ मध्ये 'बे ऑफ पिग्ज' येथील स्वारी फसली. अभ्यासकाचे कागद इतक्या लवकर खरे ठरण्याचा प्रसंग विरळाच.

अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ साली हीच आकडेवारी पुन्हा तपासली. चौदांपैकी दहा देश पाच या मध्यबिंदूच्या अर्ध्या पायरीच्या आसपासच आहेत, तेव्हा राष्ट्राची संपत्ती आणि समाधान यांचा संबंध समजला जातो तितका घट्ट नाही, असे त्यांनी प्रतिपादिले. यावर पुष्कळ वाद झाला. परंतु त्या वादात आकडेच पुढे आले, लोकांचे शब्द मागे पडले. वस्तुतः ३·७ आणि ६·६ हे एकाच शिडीवरचे आकडे नव्हेत. गाईची आस धरणाऱ्याची दहावी पायरी आणि मोटारीची आस धरणाऱ्याची दहावी पायरी यांची उंची सारखी आहे, असे मानल्याखेरीज त्यांची वजाबाकी करता येत नाही. आणि ते मानण्यास कॅन्ट्रिल यांच्या पद्धतीत आधार सापडत नाही.

२००५ पासून गॅलप संस्थेच्या जागतिक पाहणीत ही शिडी पुन्हा वापरात आली. २०१२ पासून निघणारा जागतिक आनंद अहवाल तिच्याच आधारे देशांचे क्रमांक लावतो. शून्य ते दहा या पायऱ्या आणि दोन्ही टोकांची व्याख्या तीच राहिली. आशा व भीती यांविषयीचा आरंभीचा संवाद मात्र गळाला. २०२४ च्या अहवालात १४३ देशांत फिनलंड पहिला आणि भारत १२६ वा होता. त्या भारतीयांनी दहाव्या पायरीवर काय कल्पिले होते, याची नोंद त्या अहवालात नाही.